‘आधी सांग, तू कुणाचा?’

प्रश्न (नोव्हेंबर २०२४, विधानसभा निवडणुकीच्या प्रचाराच्या दिवसांत) : सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. चार एकर शेती आणि शेती औषधांचं छोटं दुकान आहे. आजोबांपासून आमचं घर साहेबांना, म्हणजे शरद पवारांना मानणारं. गेल्या वर्षी राष्ट्रवादी पक्ष फुटला आणि गावाचे दोन तुकडे झाले. माझा चुलतभाऊ घड्याळाकडे, म्हणजे अजितदादांकडे गेला, आम्ही तुतारीकडे, साहेबांबरोबर राहिलो. यंदा दिवाळीला तो फराळालाही आला नाही.

प्रचाराच्या गाड्या सकाळी आठपासून दुकानासमोरून फिरतात. कुणी म्हणतं एक व्हा, कुणी म्हणतं गद्दारांना गाडा. यंदाचं सोयाबीन मी हमीभावाच्या खाली विकलं, त्यावर एक अक्षर नाही. एसटीच्या संपानंतर आमची मुक्कामाची, म्हणजे रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी गाडी बंद झाली ती झालीच. मुलगी कॉलेजला जाते, तिला रोज पहाटे फाट्यापर्यंत सोडावं लागतं. गावच्या ग्रुपवर मी एवढंच विचारलं की, निवडून आल्यावर मुक्कामाची गाडी कोण सुरू करणार? त्यावर उत्तर आलं, ‘आधी सांग, तू कुणाचा?’

मुलगी यंदा पहिल्यांदा मतदान करणार आहे, ती म्हणते मी नोटा दाबणार. बायको म्हणते, लाडक्या बहिणीचे पैसे घेतलेत तर खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे. मला वाटतं, मतदानालाच जाऊ नये. पण तीन पिढ्यांची निष्ठा मोडली तर वाडवडिलांना काय वाटेल, हेही मनातून जात नाही. मी काय करू?

— एक वैतागलेला मतदार

उत्तर : दादा, नमस्कार.

तुमच्या ग्रुपवर जे झालं तिथूनच सुरुवात करते. तुम्ही विचारलंत मुक्कामाच्या गाडीचं आणि उलट तुम्हालाच विचारलं गेलं की तू कुणाचा. तुमचा सगळा वैताग त्या उलट प्रश्नात आहे, आणि तो रास्त आहे. तुम्ही तुतारीचे म्हणालात, तर एसटीचा प्रश्न ही विरोधकांची ओरड ठरते. घड्याळाचे म्हणालात, तर तोच प्रश्न घरचा आहेर ठरतो. गाडी मात्र कुठूनच येत नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. पण पहाटेची गाडीच नसेल तर तुमच्या लेकीने ती सवलत वापरायची कुठे? हे विचारायला कुठल्याही गटाचा असण्याची गरज नाही. तेव्हा ग्रुपवर विचारल्याबद्दल मुळीच ओशाळू नका.

आता निष्ठेचं. तुम्ही लिहिता की तीन पिढ्या घर एका जागी उभं आहे. जरा मागे जाऊन बघू या. तुमच्या आजोबांनी पहिलं मत बहुधा बैलजोडीला दिलं असेल. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, बैलजोडी गेली आणि गाय-वासरू आलं. १९७८ मध्ये पुन्हा फूट पडली, त्यानंतर हात आला. जून १९९९ मध्ये राष्ट्रवादीची स्थापना झाली आणि तुमच्या घराने घड्याळ धरलं. जुलै २०२३ मध्ये तीही फुटली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि घड्याळ अजितदादांकडे दिलं, आणि साहेबांच्या वाट्याला तुतारी वाजवणारा माणूस आला. म्हणजे ‘आम्ही कधी हललो नाही’ असं म्हणणाऱ्या घरातून पाच वेगवेगळ्या चिन्हांना मतं पडली आहेत. तेव्हा तुमच्या आजोबांना किंवा वडिलांना कुणी गद्दार म्हटलं नाही.

नेते तर त्याहून जास्त वेळा हलले. १९७८ मध्ये वसंतदादांचं सरकार पडलं आणि साहेबांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आलं. १९९९ मध्ये जूनमध्ये काँग्रेसपासून वेगळे झालेले ऑक्टोबरमध्ये काँग्रेसबरोबरच सरकारात बसले. २०१९ मध्ये युती म्हणून मतं मागणारे भाजप आणि शिवसेना निकालानंतर वेगळे झाले. मग पहाटेचा शपथविधी झाला, मग महाविकास आघाडी आली. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, पुढच्या वर्षी राष्ट्रवादी. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. तरी शिवसेनेच्या फुटीवर विधानसभा अध्यक्षांनी जानेवारी २०२४ मध्ये निकाल दिला तेव्हा दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. हे मी कुण्या एकाला झोडपायला सांगत नाही. ज्या माणसांनी आपापल्या सोयीने, कधी नाइलाजाने, इतक्या वेळा जागा बदलल्या, त्यांच्यासाठी तुम्ही आणि तुमच्या चुलतभावाने फराळ बंद करावा, याचं मला फार वाईट वाटतं.

मग आजोबा कशाला धरून होते? माझी समजूत अशी की ते कामाला धरून होते. साखर कारखान्याने ऊस नेला, सोसायटीने पेरणीला कर्ज दिलं, दूध संघाची गाडी दारात आली, गावाला हायस्कूल मिळालं. त्या पिढीला मताच्या बदल्यात गावात काहीतरी उभं राहताना दिसत होतं. त्यांचा हिशोब पक्का होता, फक्त तो घरात कुणी बोलून दाखवला नाही. पुढच्या पिढीकडे निष्ठा तेवढी आली आणि हिशोब मागेच राहिला. तुम्ही आज ग्रुपवर एसटीचं विचारलंत तेव्हा आजोबांचा हिशोबच पुढे नेलात, असं मला मनापासून वाटतं. वाडवडिलांची काळजी करू नका.

कार्यकर्त्याची गोष्ट वेगळी आहे, हे मात्र सांगायला हवं. ज्याने वीस-वीस वर्षं सतरंज्या उचलल्या, बूथ सांभाळला, अंगावर केसेस घेतल्या, त्याची निष्ठा खरी असते आणि पक्ष फुटल्यावर त्याला होणारं दुःखही खरं असतं. त्याची टिंगल करू नये. तुमचा चुलतभाऊ तसा कार्यकर्ता असेल तर त्याच्या जागी उभं राहून बघा. पण तुम्ही मतदार आहात. तुम्ही कुठल्या पक्षाचा अर्ज भरलेला नाही, कुणाकडून काही घेतलेलं नाही. दर पाच वर्षांनी नव्याने ठरवायचा अधिकार घटनेने तुम्हाला दिला आहे, आणि त्याचा खुलासा तुम्ही कुणालाही देणं लागत नाही.

नुसतं चिन्हाकडे पाहून मत द्यायची सवय काय करते, हे तुमच्याच जिल्ह्याने जून २०२४ मध्ये पाहिलं. सातारा लोकसभेला साहेबांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे ३२ हजार ७७१ मतांनी हरले, आणि पिपाणीसारखं दिसणारं, पण नाव ‘तुतारी’च असलेलं चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला ३७ हजारांहून जास्त मतं पडली. त्यातली किती मतं चुकून गेली हे मोजता येत नाही, पण गावोगावी लोक काय बोलत होते ते तुम्ही दुकानात ऐकलंच असेल. उमेदवाराचं नाव न वाचता चिन्ह शोधणारी बोटं होती ती. यावेळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चिन्हाबरोबर उमेदवाराचं नाव आणि फोटोही नीट दाखवून ठेवा, मग ते मत कुणालाही देवोत. यंत्रावर फोटो असतो.

घोषणांवर माझा सरसकट राग नाही. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ हीसुद्धा घोषणाच होती. त्या घोषणेसाठी माणसांनी गोळ्या झेलल्या, हुतात्मा चौक त्याची साक्ष आहे. पण त्या घोषणेत काय हवं ते स्पष्ट होतं, आणि १ मे १९६० ला ते झालं की नाही हे शेतातल्या माणसालाही सांगता येत होतं. आज तुमच्या दुकानासमोरून जाणाऱ्या गाड्यांवर काय वाजतंय? ‘बटेंगे तो कटेंगे’, ‘एक हैं तो सेफ हैं’, समोरून ‘पन्नास खोके’ आणि ‘गद्दार’. यातली कुठली घोषणा पाच वर्षांनी पूर्ण झाली की नाही, हे तुम्ही कसं तपासणार? एकीत भीती आहे, दुसरीत संताप आहे. दोन्हींत तुमच्यासाठी करायचं असं काम एकही नाही. संताप खरा असला, आणि काहींचा तो आहेच, तरी त्यावर गाडी सुरू होत नाही.

सोयाबीनचं तेवढं वेगळं आहे, कारण तिथे आकडा आहे. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं, हे तुम्हीच लिहिलंय. आता महायुती सहा हजारांचं सांगते आणि महाविकास आघाडी सात हजारांचं. ऐकायला दोन्ही गोड. तुम्ही शेतकरी आहात, शिवाय शेतकऱ्यांना माल विकणारे आहात. या आकड्यांना पुढचे प्रश्न तुमच्याइतके नेमके कुणी विचारू शकणार नाही. खरेदी केंद्र आपल्या तालुक्यात कधी उघडणार, ऑक्टोबरात की माल व्यापाऱ्याकडे गेल्यावर? ओलाव्याचं कारण देऊन परत पाठवलेल्या मालाचं काय? बारदाना आहे का? पैसे किती दिवसांत खात्यावर येणार? हमीभाव जाहीर असूनही तुम्हाला मिळाला नाही, मग त्याहून मोठा आकडा मिळेल कसा, हे जो उमेदवार समजावून सांगेल त्याचं भाषण ऐकण्यासारखं आहे. तुमच्या भागात प्रचाराला आलेल्या दोघांनाही हे विचारा. भाषणानंतर, चहाच्या वेळी, शांतपणे, चार शेतकरी सोबत घेऊन. मंडपात ओरडून विचारलं तर उत्तर मिळत नाही, घोषणाच मिळते.

वहिनींच्या मिठाविषयी. त्यांची भावना मला कळते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी न मागता त्यांच्या स्वतःच्या नावावर महिन्याला दीड हजार रुपये टाकले. बाईच्या हातात स्वतःचे पैसे असणं काय असतं, ते पुरुषांना चटकन उमगत नाही. म्हणून त्या पैशांना ‘रेवडी’ वगैरे म्हणू नका. पण हे मीठ कुणाच्या घरचं आहे, ते एकदा दोघांनी मिळून पाहा. या योजनेला वर्षाला ४६ हजार कोटी रुपये लागतील असं सरकारनेच सांगितलंय, आणि ते राज्याच्या तिजोरीतून जातात. तुमच्या दुकानातल्या कीटकनाशकाच्या बाटलीवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यातला निम्मा राज्याचा. तुमचं बिलबुक उघडून त्यांना दाखवा, तिथे तो आकडा छापलेलाच असतो. शिवाय आता एक बाजू २१०० म्हणते, दुसरी ३००० म्हणते. म्हणजे कुणीही आलं तरी पैसे बंद करायची भाषा कुणाचीच नाही. इतकं झाल्यावर वहिनींनी कुणाला मत द्यायचं ते त्यांना ठरवू द्या. सरकारचं काम आवडलं म्हणून त्यांनी सरकारला मत दिलं तर ते त्यांचं रास्त मत आहे. उपकार फेडायचे म्हणून दिलं तर मात्र मला वाईट वाटेल. कुणी घाबरवलं असेल की मत कुणाला दिलं ते कळतं आणि नाव कापलं जातं, तर तेवढं खोडून काढा. मतदान गुप्त आहे, आणि यंत्रात कुणाचं मत कुणाला गेलं हे गावातल्या पुढाऱ्याला कळत नाही.

मुलीशी नोटाबद्दल बोलताना तिला रागावू नका. पहिल्याच मतदानाला ‘यांपैकी कोणीही नाही’ म्हणावंसं वाटणं, यात दोष तिचा नाही. फक्त नोटाने काय होतं आणि काय होत नाही ते तिला माहीत असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर हे बटण आलं. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७ हजार ५०० मतं पडली, चक्क दुसऱ्या क्रमांकाची. तरी पहिल्या क्रमांकाचा उमेदवार आमदार झालाच, आणि विधानसभेला नोटा पहिली आली असती तरी कायद्याने तिच्या खालोखाल मतं मिळालेला उमेदवारच निवडून आला असता. स्थानिक निवडणुकांचं वेगळं आहे. महानगरपालिका, नगरपालिकांसारख्या निवडणुकांत नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये काढला. म्हणजे स्थानिक निवडणुकीत नोटाला दात आहेत, विधानसभेत फक्त आवाज आहे. हे ऐकूनही तिला नोटाच दाबायचं असेल तर दाबू दे. पण त्याआधी तिच्याकडून एक काम करून घ्या. प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. गुन्हे, संपत्ती, कर्ज, शिक्षण सगळं त्यात असतं आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. तुमच्या मतदारसंघातले प्रमुख उमेदवार, शिवाय ज्यांची नावंही तुम्ही ऐकली नाहीत असे दोन-तीन अपक्ष, यांची प्रतिज्ञापत्रं तिने मोबाइलवर उघडून रात्री जेवताना घरात वाचून दाखवावीत. गेल्या निवडणुकीचंही तिथेच सापडतं. पाच वर्षांत संपत्ती कितीने वाढली हे दोन्ही शेजारी ठेवलं की लगेच कळतं. मग ठरवा कोण नको ते. नाव वाचून नको म्हणणं आणि वैतागून नको म्हणणं यात मोठा फरक आहे.

तुम्ही मतदानालाच न जाण्याचं म्हणता, त्याला मात्र माझा साफ विरोध आहे. तुम्ही घरी बसलात तर ग्रुपवर ‘तू कुणाचा’ म्हणणारा घरी बसणार आहे का? तो सकाळी सातलाच रांगेत असेल. वैतागलेली, विचार करणारी माणसं घरी राहिली की निकाल फक्त घोषणा देणाऱ्यांच्या हाती राहतो. मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभेचा निकाल जून २०२४ मध्ये ४८ मतांनी लागला. लाखो मतांच्या मोजणीत अठ्ठेचाळीस! तुमच्या आळीत तेवढे मतदार असतील.

आता मुक्कामाच्या गाडीचं, कारण मला तो तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. ग्रुपवर तो प्रश्न पुन्हा टाकू नका, तिथे त्याचं भांडण होईल. एका कागदावर लिहा. फाट्यापर्यंत किती मुलंमुली जातात, कुठल्या वर्गात आहेत, किती जणांकडे पास आहे, पूर्वी गाडी किती वाजता यायची आणि किती वाजता सुटायची. आळीतल्या पालकांच्या सह्या घ्या, दोन्ही गटांच्या. प्रचार १८ तारखेला संध्याकाळी थांबेल. त्याआधी हा कागद घड्याळ आणि तुतारी दोन्हीकडच्या उमेदवारांच्या हातात द्या आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही मागा. सही दिली तर उत्तम, नाही दिली तर तेही गावाला कळू द्या. खरं काम निकालानंतर आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हाच कागद ठराव म्हणून मांडा. ठरावाची प्रत आगार व्यवस्थापकांना, साताऱ्याला विभाग नियंत्रकांना आणि निवडून आलेल्या आमदारांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. महिनाभरात हालचाल झाली नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा की ही फेरी कधी आणि कुठल्या कारणाने बंद झाली, आणि ती सुरू करण्यासाठी काय लागतं. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, बस. गाड्या कमी आहेत, चालक कमी आहेत असं उत्तर येण्याची शक्यता आहे. पण ते उत्तर लेखी आलं की आमदारांना नेमकं काय मागायचं ते ठरतं. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटींचा निधी असतो. त्यातून एसटी सुरू होत नाही हे खरं, पण तो तुमच्या गावात कशावर खर्च झाला तेही जिल्हा नियोजनच्या कार्यालयात विचारता येतं.

आणि त्या कागदावर पहिली सही चुलतभावाची घ्या. त्याचीही मुलं किंवा शेजारची मुलं त्याच फाट्यावर उभी असणार. त्याच्याकडे जायचं ते २३ तारखेच्या निकालाआधी जा. निकालानंतर गेलात तर तुमची बाजू जिंकली असेल तर त्याला तुम्ही मिरवायला आलात असं वाटेल, हरली असेल तर गावाला तुम्ही शरण गेलात असं दिसेल. आज दोघेही सारखेच आहात. फराळाचा डबा घेऊन जा, दिवाळी होऊन गेली तरी चालतं, घरात चकल्या शिल्लक असतीलच. पक्षाचा विषय त्याने काढला तर सांगा, ‘ते वीस तारखेला मतदानात ज्याचं त्याने बघावं, तू आधी ही सही कर.’ तो नाही म्हणाला तरी डबा ठेवून या आणि चार दिवसांनी परत जा.

गाडीबद्दल आगाराकडून काय उत्तर येतं ते मला नक्की कळवा. काम अडलं तर पुढचा अर्ज कसा लिहायचा ते आपण याच सदरात बघू.